नाशिकची पांढरी वाइन, आणि ग्लासामागचं धरण

मी मूळची एरंडोलची, नोकरीने पुण्याची, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आज बोलणार आहे नाशिकच्या पांढऱ्या वाइनवर. हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम. घरात स्पीकरवर लावलं असेल तरी घाबरू नका, यातला निम्मा भाग शेतीचा आहे.

हा भाग कोणासाठी आहे ते आधी सांगते. ज्यांनी इन्स्टावर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचे रील्स बघितलेत, सूर्यास्त, समोर पाणी, हातात ग्लास, आणि ज्यांना वाटतं की एकदा जाऊन यावं पण तिथे गेल्यावर नक्की काय मागायचं, काय बघायचं, आपण गावंढळ तर दिसणार नाही ना, त्यांच्यासाठी. ज्यांना प्यायचीच नाही त्यांच्यासाठीसुद्धा. माझ्यासोबत जो माणूस आला होता तो माळकरी होता आणि सगळ्यात जास्त मजा त्याने केली. ते पुढे येईल.

सुरुवात मात्र इटलीपासून करते, कारण तुलना तिथूनच डोक्यात बसली. ऑफिसच्या कामाला मी काही आठवडे मिलानला होते. एका रविवारी ट्रेन पकडून डेझेंझानोला गेले. तासाभराचा प्रवास. तिथे गार्डा नावाचा तलाव आहे, इटलीतला सगळ्यात मोठा. त्याच्या दक्षिण काठावर लुगाना नावाचा पांढऱ्या वाइनचा पट्टा आहे. तुर्बियाना नावाचं हिरवट-पिवळं द्राक्ष, चिकणमातीची जमीन, आणि पाण्यात जीभ काढल्यासारखं घुसलेलं सिर्मिओने नावाचं गाव. या वाइनला १९६७ सालीच सरकारी ओळख मिळाली. म्हणजे बाटलीवर लुगाना लिहायचं तर द्राक्ष त्याच ठरलेल्या गावांच्या हद्दीतलं हवं, आपल्याकडे जळगावच्या केळीला जसं जीआय आहे तसंच काहीसं.

गार्डा हा निसर्गाने केलेला तलाव आहे. हिमनद्यांनी जमीन खरवडली, तिथे पाणी साठलं, काही ठिकाणी साडेतीनशे मीटरच्या आसपास खोल. एवढं पाणी उन्हाळाभर ऊब साठवतं आणि थंडीत सोडतं. त्यामुळे आल्प्सच्या पायथ्याशी असूनही तिथे ऑलिव्ह येतं, लिंबूसुद्धा येतं. तलावाच्या वरच्या अंगाला लिंबाच्या झाडांसाठी बांधलेले दगडी खांब आजही उभे आहेत, थंडीत त्यांवर छप्पर टाकायचे. मी त्या खांबांचे फोटो मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मामाची लिंबाची बाग आहे. त्याचं उत्तर आलं: 'आपल्याकडे उन्हापासून वाचवावं लागतं, यांचं उलटंच.'

हे 'उलटंच' लक्षात ठेवा, कारण नाशिकला गेल्यावर तेच पुन्हा भेटतं.

तर नाशिक. एरंडोलहून निघालात तर पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत असा रस्ता आहे, दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. गूगल मॅप याला कंटाळवाणा हायवे समजतो. मला तो आवडतो, कारण काचेतून बाहेर बघितलं तर पीक बदलताना दिसतं. आमच्याकडे कापूस. धुळ्याच्या पुढे मका, बाजरी. मालेगाव ओलांडलं की कांदा, उमराण्याच्या बाजूला कांद्याच्या चाळीच चाळी. राहुड घाट चढून चांदवड मागे टाकलं की हवा थोडी बदलते, आणि पिंपळगावच्या अलीकडे पहिले द्राक्षाचे मांडव दिसायला लागतात. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण दोनशे मीटरवर आहे, नाशिक सहाशेच्या आसपास. हा चारशे मीटरचा फरक म्हणजेच नाशिकची वाइन, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. जानेवारीत निफाडचा पारा किती खाली गेला ही बातमी दरवर्षी येते ना, तीच ती थंडी. दिवसा ऊन, रात्री गारठा. दिवसाच्या उन्हात साखर भरते, रात्रीच्या गारठ्यात आंबटपणा टिकतो. पांढऱ्या वाइनला हा आंबटपणा जिवापाड लागतो. तो गेला की उरतं ते साखरेचं पाणी उतरवल्यासारखं काहीतरी.

शहरातून गंगापूर रोडने दहा-पंधरा किलोमीटर गेलात की गोवर्धन, गंगावऱ्हे, सावरगाव ही गावं लागतात. डाव्या-उजव्या हाताला वेली आणि मधूनमधून गंगापूर धरणाचं पाणी. सुला इथेच आहे, शेजारी यॉर्क, जवळच सोमा. दिंडोरीकडे गेलात तर शांदों आहे, फ्रान्सच्या मोएत हेनेसीची, ती बुडबुड्यांची वाइन करते. इगतपुरीच्या बाजूला कावनईला व्हॅलोने आहे, लहान, शांत, मुकणे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. एका दिवसात हे सगळं करायला जाऊ नका. दोन ठिकाणं पुष्कळ झाली. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काहीच कळत नाही, आणि बिल मात्र बरोबर कळतं.

सुलाची गोष्ट बहुतेकांना अर्धी माहीत असते. राजीव सामंत, स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी, ती सोडून नव्वदच्या दशकात परत आले, नाशिकजवळ घरची जमीन होती तिथे आधी आंबा आणि खायची द्राक्षं असे प्रयोग केले. मग लक्षात आलं की इथली हवा वाइनच्या द्राक्षाला बरी आहे. केरी डॅमस्की नावाचे कॅलिफोर्नियाचे वाइन-तज्ज्ञ मदतीला आले. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही दोन पांढरी द्राक्षं लावली आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आली. नाव आईचं, सुलभा, त्यावरून सुला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. आमच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, 'यार, जॉब सोडून शेती करायची.' मी त्यांना ही गोष्ट सांगते आणि एक जोडून सांगते: वेल लावल्यापासून नीट उत्पन्न यायला तीन वर्षं जातात, तेवढे दिवस पगाराशिवाय काढायची तयारी आहे का? आणि जमीन घरची होती, हे विसरू नका.

यांच्या आधी महाराष्ट्रात वाइन नव्हती असं मात्र नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकातच फ्रेंच पद्धतीची बुडबुड्यांची वाइन केली होती आणि ती परदेशात विकली जात होती. पण आपण बघायला जातो तो नाशिकचा पट्टा उभा राहिला २००१ च्या राज्य सरकारच्या धोरणानंतर. राज्यातल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला जीआयही मिळालं.

आता मामा. मामाला मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घेऊन गेले. तोडणीचा हंगाम असतो, जानेवारीपासून मार्चपर्यंत, आणि जायचं तर याच काळात जा. गाडीतून उतरता उतरता मामाने विचारलं, "हाई दारूच शे ना?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही वेली बघा, प्यायचं माझ्यावर सोडा." तो हसला, टोपी नीट केली आणि जो ओळींमध्ये शिरला तो तासभर बाहेर आला नाही.

त्याने पहिल्यांदा विचारलं, मांडव कुठे आहे? बरोबर प्रश्न. आपण खातो त्या थॉमसन द्राक्षाची वेल डोक्यावर मांडवावर चढवतात, घड खाली लोंबतात. वाइनची वेल बुटकी असते, तारांवर उभी बांधलेली, घड गुडघ्या-मांडीच्या उंचीला. मणी लहान, साल जाड, आत बिया. टूरवाल्या मुलाने एक घड हातात दिला. मी खाल्लं आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या द्राक्षापेक्षा गोड आहे. असतंच. खायचं द्राक्ष अठरा ब्रिक्सच्या आसपास काढतात, वाइनचं वीसच्या पुढे नेतात. ब्रिक्स म्हणजे रसात शंभरात किती भाग साखर, इतकंच. हिशोब सोपा आहे: यीस्ट ही साखर खातं आणि निम्म्याहून थोडी जास्त इतकी टक्केवारी अल्कोहोलची येते. बावीस ब्रिक्स म्हणजे साधारण बारा टक्के. बाटलीच्या मागे जो आकडा असतो तो शेतात तोडणीच्या दिवशीच ठरलेला असतो.

मामाचा दुसरा प्रश्न जास्त खोल होता. "पाणीना ताण देतस का?" लिंबाच्या बागायतदाराला हे विचारल्याशिवाय राहवणारच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिंबाला हवा तेव्हा बहार यावा म्हणून पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की झाड घाबरून फुलतं. हस्त बहार धरायचा की मृग, हे शेतकरी असं ठरवतो. कॅलेंडर झाडाचं नसतं, माणसाचं असतं.

द्राक्षाचंही इथे तसंच आहे, फक्त हत्यार वेगळं. इटलीत थंडीने वेलीची पानं गळतात, ती झोपते, मार्चमध्ये जागी होते, सप्टेंबरला तोडणी. नाशिकमध्ये वेल झोपेल एवढी थंडी पडतच नाही. सोडून दिली तर ती वर्षभर वाढत बसेल आणि पावसाळ्यात फळ धरून सडवेल. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, त्यातून नुसत्या काड्या तयार होतात, फळ घ्यायचं नाही. मग पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरला, गोडी छाटणी. त्यातून जी फूट येते तिला घड लागतात. म्हणजे नाशिकची वेल हिवाळ्यात पिकते. लुगानाची वेल झोपलेली असते तेव्हा इथे घड भरत असतात. मामाचं ते 'उलटंच' इथे होतं.

हे वाटतं तितकं गोंडस नाही. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट असताना परतीचा पाऊस लांबला की डाउनी येतो, फूट आणि घड दोन्ही जातात. पुढे गारठा आणि ढगाळ हवा असली की भुरी. फेब्रुवारी-मार्चला गारपीट झाली तर तोंडाशी आलेला घास गेला. तुम्ही ग्लास हातात घेऊन 'काय मस्त वेदर आहे' म्हणता, त्याच वेदरकडे शेजारच्या बांधावरचा माणूस मोबाइलवर रडार लावून बघत असतो. आमच्याकडे कापूस फुटायला लागल्यावर पाऊस येतो तेव्हा घरात जी शांतता पसरते, तीच तिथे ऑक्टोबरात पसरते.

तोडणी पहाटे करतात, ऊन चढायच्या आत. गरम द्राक्ष कारखान्यात आलं की ताजेपणा गेला. पांढऱ्या वाइनमध्ये साल बाजूला काढतात, रस दाबून घेतात, गार करून स्टीलच्या टाक्यांत यीस्टबरोबर ठेवतात. टाकीला बाहेरून थंड पाण्याचं वेष्टन असतं. यीस्ट काम करताना उष्णता तयार होते, ती काढली नाही तर सुगंध उडून जातो. लाल वाइनमध्ये रस सालीसकट ठेवतात, रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि साल नीट पिकायला वेळ लागतो. नाशिकमध्ये वेळच कमी मिळतो, कारण मार्चनंतर उन्हाळा धावत येतो. पांढरं द्राक्ष लवकर तोडता येतं. म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: नाशिकला पहिल्यांदा गेलात तर पांढरीच मागा. लाल चांगल्या होतात, होत नाहीत असं नाही, पण या मातीचा आणि हवेचा हात पांढऱ्यात जास्त दिसतो. शिवाय ती त्याच वर्षी प्यायची असते. बाटली दहा वर्षं जपून ठेवायची वगैरे सिनेमातली गोष्ट इथे लागू नाही.

चव घ्यायची कशी, यावर इंटरनेटवर फार नाटकं आहेत. एवढं पुरे: ग्लास दांड्याला धरा, हाताने वाइन गरम करू नका. एकदा गोल फिरवा, वास घ्या, मग लहान घोट, तोंडात सगळीकडे फिरवून गिळा. समोर बादली ठेवलेली असते, नको असेल ते तिथे ओता, कोणी काही म्हणत नाही. पाच-सहा प्रकार देतात, सगळे संपवलेच पाहिजेत असा नियम नाही.

सोव्हिन्यों ब्लां नाकाशी नेली की मला पहिल्यांदा हिरवी ढोबळी मिरची चिरल्याचा वास येतो, मग लिंबाची साल, मग कच्चा पेरू. तोंडात सरळ, आंबट, कोरडी. शेनिन ब्लां मऊ असते, पिकलेला पेरू, थोडा मध, आणि इथे ती बहुतेक वेळा किंचित गोड ठेवतात. वाइन पहिल्यांदा पिणाऱ्या माणसाला शेनिन आवडते आणि मग तो लाजतो, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की गोड वाइन बायकांची. हा मूर्खपणा आहे. आपल्या तिखटाबरोबर ती किंचित गोडीच कामाला येते. खानदेशी काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि कोरडी सोव्हिन्यों मी करून बघितली आहे. दोघं भांडतात आणि वाइन हरते. भरीत मात्र वेगळं. लवंगी मिरची, भाजलेल्या वांग्याचा धूर, कांद्याची पात, सोबत कळण्याची पुरी आणि थंड शेनिन. हे कुठल्याच वाइनरीच्या मेनूवर नाही, आणि असायला हवं.

माझी टेस्टिंग चालली होती तेव्हा मामा लिंबू सरबत पीत बसला होता, समोर धरण. तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "खाली गेलंय. फेब्रुवारीतच." काठावर ओल्या मातीची पट्टी दिसत होती. आजूबाजूचे सगळे त्या पट्टीसमोर उभे राहून सेल्फी काढत होते, आणि ती पट्टी दिसली फक्त मामाला.

इथे गार्डा आणि गंगापूर यांच्यातला खरा फरक आहे. गार्डा तलाव आहे, गंगापूर धरण आहे. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघते आणि थोडी पुढे आली की इथे अडवली आहे, १९६५ साली पूर्ण झालेला हा मातीचा बांध आहे. वाइनरीच्या गॅलरीतून जो 'लेक व्ह्यू' दिसतो त्यातला थेंब न् थेंब हिशोबात आहे. नाशिक शहर यातून पाणी पितं. काठच्या शेतीला यातून जातं. आणि १५ ऑक्टोबरला पैठणचं जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडायचं, असं सूत्र ठरलेलं आहे. ते सोडायची वेळ आली की नाशिकला मोर्चे, तिकडे मोर्चे, मग कोर्ट. जगात पर्यटक ज्या तळ्याकाठी वाइन पितात त्यातली किती तळी अशी कोर्टात जातात मला माहीत नाही, पण आपलं जातं.

आम्ही खानदेशातले म्हणून हे जास्त टोचतं. जळगाव जिल्ह्याचं गिरणेचं पाणीही नाशिक जिल्ह्यातूनच येतं, गिरणा धरण नांदगाव तालुक्यात आहे. आवर्तन कधी सुटणार, पाट आपल्या शिवारापर्यंत पोचणार की वरच संपणार, हे ऐकत मोठं झालेलं पोर बॅकवॉटरकडे फक्त फोटोची पार्श्वभूमी म्हणून बघू शकत नाही. म्हणून वाइन पिऊ नये असं मी म्हणत नाही. वाइनच्या वेलीला घड मोजके ठेवतात, मणी लहानच हवे असतात, पाणी ठिबकने बेताने देतात. ठिबक म्हणजे काय ते जळगावच्या माणसाला शिकवायची गरज नाही. उसाशी तुलना केलीत तर द्राक्ष शहाणं पीक आहे. पण मे महिन्यात गेलात आणि समोर चिखल दिसला तर 'व्ह्यू नाही' म्हणून एक स्टार देऊ नका. तो चिखल म्हणजे शहराच्या नळाला पाणी गेल्याची खूण आहे.

एक प्रश्न मला हमखास येतो: वाइन प्यायल्याने शेतकऱ्याचं भलं होतं का? २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, तेव्हा हाच मुद्दा पुढे होता. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. दोन्ही बाजूंनी खूप आवाज झाला, द्राक्षाचं गणित मात्र फार कमी लोकांनी मांडलं. नाशिकचं बहुतेक द्राक्ष खायला, निर्यातीला आणि बेदाण्याला जातं, वाइनला जाणारा वाटा लहान आहे. त्यामुळे वाइनने सगळे तरतील हे खरं नाही. ज्यांचा कंपनीशी पक्का करार आहे त्यांना भाव आधी कळतो, बाजारात ट्रॅक्टर उभा करून वाट बघावी लागत नाही, हे खरं आहे. आणि २००९ च्या सुमारास मागणी कोसळली तेव्हा वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक उरलं नाही, अनेकांनी वेली उपटून टाकल्या, हेही तितकंच खरं आहे. वाइनचं द्राक्ष खायला विकता येत नाही, बिया आणि जाड सालीमुळे. कंपनीने हात वर केले की माल कुठेच जात नाही. कापसाला निदान दुसरा व्यापारी तरी असतो.

आणि दारू ती दारूच, हे मामाचं म्हणणं मी खोडून काढत नाही. बारा टक्के म्हणजे बिअरच्या दुपटीहून जास्त. आमच्या गल्लीत दारूने काय केलंय ते मी बघितलंय, त्यामुळे 'वाइन म्हणजे दारू नाही' हे वाक्य मी कधीच वापरत नाही. वाइन द्राक्षाची दारू आहे, नीट केलेली, जेवणाबरोबर घ्यायची.

आता उरलेलं कामाचं. एकवीस वर्षांखालच्यांना मिळणार नाही, ओळखपत्र सोबत ठेवा. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि सगळंच महाग असतं. मंगळवार-बुधवारी गेलात तर टूरवाला मुलगा दोन प्रश्नांना उत्तर देतो, शनिवारी तो फक्त रांग सांभाळतो. टूरचं बुकिंग आधी ऑनलाइन करा. द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रम हंगामात असतो, फोटो छान येतात, त्या रसाची वाइन होत नाही, काळजी नसावी. २००८ साली सुरू झालेला सुलाफेस्ट हा संगीताचा जलसा आहे. गाण्यासाठी जायचं असेल तर जरूर जा, वेली बघायला त्या दिवशी जाऊ नका.

ड्रायव्हर न पिणारा हवा. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे, आणि गंगापूर रोडला वीकेंडला नाकाबंदी असते. आमचा ड्रायव्हर मामा होता, त्यामुळे प्रश्न नव्हता. एसटीने आलात तर नाशिकहून रिक्षा किंवा कॅब करा, आणि परतीची आधीच ठरवून ठेवा. धरणाच्या बाजूला संध्याकाळी कॅब मिळायला वेळ लागतो.

बाटली घरी न्यायची असेल तर शेवटची सूचना. इथल्या बहुतेक पांढऱ्या बाटल्यांना बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. तो स्वस्तपणा नाही, ताजी वाइन ताजी राहावी म्हणून तसं करतात, ओपनर शोधत बसू नका. डिकीत ठेवू नका. एप्रिलनंतर धुळ्याच्या पुढे गाडीची डिकी म्हणजे भट्टी असते, एरंडोलला पोचेपर्यंत तुमच्या सोव्हिन्योंचा मुरंबा झालेला असेल. पायाशी, एसीच्या झोतात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. घरी फ्रीजमध्ये दोन-तीन तास, आणि उघडली की दोन दिवसांत संपवा. फ्रीजमध्ये आई विचारेल हे काय आहे. मी खरं सांगितलं होतं. तिने बाटली मागच्या बाजूला, कोथिंबिरीच्या जुडीमागे सरकवली आणि पुढे ताकाचं भांडं ठेवलं.